दुसरी पेटी घेताना : आधी भाता, मग सूर, रूप सगळ्यात शेवटी

पहिली पेटी, म्हणजे हार्मोनियम, बहुतेक घरांत कुणीतरी दिलेली असते, नाहीतर क्लास सुरू झाला म्हणून घाईने आणलेली असते. तीन-चार वर्षं रियाज होतो, परीक्षा देत देत मूल मध्यमेपर्यंत पोचतं, किंवा मोठं माणूस भजनी मंडळात साथीला बसू लागतं. मग ती पेटी अपुरी पडते आणि दुसरी घ्यायची ठरते. चुका इथेच होतात. माझ्याकडे विद्यार्थी आणि पालक येतात ते बहुधा पेटी घरी आल्यानंतर, आणि तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो : आधी रंग पाहिला, मग स्टॉपर मोजले, मग ‘सूर जर्मन आहेत’ हे ऐकून घेतलं, मग स्केल चेंजर सरकवून पाहिला, आणि उरलेल्या पाच मिनिटांत एक भजन दणक्यात वाजवून पैसे दिले.

हा क्रम पूर्ण उलटा करायचा आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. दणक्यात वाजवल्यावर जवळजवळ प्रत्येक पेटी चांगली वाटते. पेटी कळते ती अगदी कमी हवेवर, एकेक सूर हळू वाजवताना.

या लेखात ‘पट्ट्या’ म्हणजे बोटाखालच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, आणि ‘सूर’ म्हणजे आत बसवलेले पितळी रीड. ‘स्टॉपर’ म्हणजे सुरांच्या ओळी उघडायच्या-बंद करायच्या, ओढायच्या खुंट्या, आणि ‘स्केल चेंजर’ म्हणजे पट्ट्यांची पाटी सरकवून षड्ज बदलायची सोय.

१. आधी जुनी पेटी कारागिराकडे न्या

नवी पेटी बघायला निघण्यापूर्वी जुनी पेटी एकदा चांगल्या कारागिराकडून साफ करून, सूर लावून घ्या. हा खर्च वाया जात नाही. ती पेटी पुढे विकायची किंवा कुणाला शिकायला द्यायची झाली तरी ती सुरात असलेलीच बरी.

त्यानंतर पंधरा दिवस रियाजाच्या वेळी एक छोटी वही जवळ ठेवा. वाजवताना जिथे अडलं ते एका ओळीत लिहा. ‘यमनची तान वर चढवताना पट्ट्या संपल्या.’ ‘बाईंनी आवाज लहान केला, मला पेटी लहान करता आली नाही.’ ‘खर्जातला पंचम उशिरा आला.’ अशा दहा-बारा ओळी जमल्या की त्या दोन गटांत वेगळ्या करा.

एखादा सूर बेसूर असणं, एखादी पट्टी अडकणं, सुरात कचरा जाऊन तो मुका होणं, भात्याचा कोपरा फाटून हवा जाणं या दुरुस्तीच्या तक्रारी. यांच्यासाठी नवी पेटी घेऊ नका.

पट्ट्या कमी पडणं, झाडून सगळे सूर उशिरा बोलणं, हळू वाजवताच येत नसणं, सुरांच्या दोन ओळी एकत्र उघडल्या की भाता न पुरणं, पट्ट्या इतक्या जड की द्रुत तान निघत नाही, या पेटीच्या मूळ बांधणीच्या तक्रारी आहेत. त्या बहुधा कारागिराच्या हाताबाहेरच्या असतात.

▸ तपासा : दुसऱ्या गटात एकही ओळ नसेल तर खरेदी एक वर्ष पुढे ढकला.

२. पेटी कुणासाठी आणि कोणत्या षड्जासाठी, हे लिहून काढा

‘चांगली पेटी हवी’ एवढं सांगून दुकानात गेलात तर दुकानदार त्याच्याकडची महाग पेटी दाखवणार. त्यात त्याची चूक नाही. गरज तुमची, ती तुम्हीच सांगायला हवी.

तुम्ही कुणाच्या साथीला बसता? गायिकेच्या, गायकाच्या, भजनी मंडळाच्या, का एकलवादन करता? समोरचा माणूस कोणत्या स्वरात गातो? हे ठरलं की किती पट्ट्यांची पेटी हवी ते गणितानेच निघतं.

बाजारात साधारणपणे ३७ पट्ट्यांची तीन सप्तकी, ३९ पट्ट्यांची सव्वातीन सप्तकी आणि ४२ पट्ट्यांची साडेतीन सप्तकी पेटी मिळते. (पट्ट्यांची नावं प्रत्येक सप्तकात डावीकडून मोजून : पांढरी एक ते सात, काळी एक ते पाच.) पांढरी एकपासून सुरू होणारी ३९ पट्ट्यांची पेटी वर पांढरी दोनपर्यंत जाते, ४२ ची पांढरी चारपर्यंत. आता समजा तुमच्या बाई काळी पाचमध्ये गातात आणि तुम्ही दुसऱ्या सप्तकातली काळी पाच षड्ज धरून वाजवता. ३९ पट्ट्यांच्या पेटीवर तुमचा हात तार गंधाराशी थांबतो. पुढे पट्टीच नाही. ४२ च्या पेटीवर शेवटची पट्टी म्हणजे नेमका तार पंचम. बाईंनी अंतऱ्यात तार मध्यमावर ठेहराव घेतला की या तीन पट्ट्यांची किंमत कळते. उलट, फक्त काळी एक-काळी दोनमध्ये गाणाऱ्या पुरुषमंडळींच्या भजनात साथ करायची असेल तर ३९ पट्ट्या पुरतात आणि पेटी उचलायलाही हलकी पडते.

दुसरा प्रश्न सुरांच्या ओळींचा. खर्ज-नर ही दोन सुरांची पेटी बहुतेकांना पुरेशी आहे. नर म्हणजे मधला सूर, खर्ज त्याच्याखालच्या सप्तकातला आणि मादी वरच्या सप्तकातली. खर्ज-नर-नर किंवा खर्ज-नर-मादी अशा तीन सुरांच्या पेटीला भरदार नाद येतो, पण तिन्ही ओळी उघडल्या की हवाही तेवढी लागते आणि वजन वाढतं. शास्त्रीय गायनाच्या साथीला बसणाऱ्या विद्यार्थ्याला मी दोन सुरांचीच पेटी घ्यायला सांगतो. त्याच पैशात सूर वरच्या दर्जाचे मिळतात.

तिसरा प्रश्न वजनाचा. साधी दोन सुरांची पेटी साधारण आठ ते दहा किलोची भरते, स्केल चेंजर पंधरा किलोच्या आसपास किंवा त्याहून जड. लोकलमधून, एसटीतून पेटी न्यायची असेल तर हा आकडा वहीत सगळ्यात वर लिहा.

३. दुकानात जाण्याची तयारी

बजेटमधला साधारण दहावा हिस्सा बाजूला ठेवा. खोळ, वाहतूक आणि तीन महिन्यांनंतरची सूर लावणी यातून होईल.

शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवसही टाळा, त्या दिवसांत कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा. हे मी ठेच लागल्यावर शिकलो. माझी दुसरी पेटी मी एका दुकानात भर संध्याकाळी घेतली. शेजारी कुणीतरी तबला मिळवत होतं, दुसरीकडे ढोलकी वाजून पाहणं चालू होतं. पेटी मला फार आवडली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला घरी रियाजाला बसलो, पंखा बंद होता, बाहेर अजून वर्दळ नव्हती, आणि पहिल्याच मंद्र षड्जाला सुराआधी हवेचा फुसफुसाट ऐकू आला. खर्जाच्या खालच्या पाच-सहा सुरांची तीच कथा. ती पेटी मी सहा वर्षं वाजवली, आणि त्या सहा वर्षांत मंद्रात हळू वाजवायचं मी नकळत टाळत गेलो. वाद्यातला दोष असा हातात उतरतो, म्हणून हे सगळं इतक्या तपशिलाने लिहितो आहे.

बरोबर काय न्यावं : तक्रारवही, फोनवर तानपुऱ्याचं आणि ट्यूनरचं ॲप, एक पातळ कागद, एकसारखी आठ-दहा नाणी आणि वाजवता येणारा दुसरा माणूस. गुरुजी किंवा बाई आल्या तर उत्तमच. नाही आल्या तर क्लासमधला सोबती चालेल.

⚠ गुरूंना ‘तुम्हीच निवडा’ म्हणून मोकळे होऊ नका. पेटीवर बोटं तुमची फिरणार आहेत. त्यांचं मत घ्या, पण पुढच्या चाचण्या स्वतः करा.

४. पहिली चाचणी : भाता आणि हवा

पट्टीला हात लावण्याआधी हवा तपासायची. जी पेटी हवा धरत नाही, तिचे सूर कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

क. सुरांच्या ओळींचे सगळे स्टॉपर उघडा (सलग षड्ज-पंचम वाजवणारे असतील तर ते बंदच ठेवा). एकही पट्टी दाबू नका. भाता पूर्ण भरा आणि ऐका. काहीच ऐकू येता कामा नये. एखादा सूर आपोआप बारीक बोलत असेल तर त्या पट्टीखालची झडप नीट बसलेली नाही. हा दोष तिथल्या तिथे दुरुस्त होतो, पण दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ख. आता फक्त नराचा स्टॉपर उघडा ठेवा. भाता पूर्ण भरा, मध्य सप्तकातली पांढरी एक दाबून धरा आणि भात्यावरचा हात काढून घ्या. मनात सेकंद मोजा. दुकानातल्या तीन-चार पेट्यांवर हाच सूर, हाच स्टॉपर, तेवढीच हवा घेऊन मोजा आणि आकडे वहीत लिहा. सगळ्यांत आधी दम सोडणारी पेटी बाजूला ठेवा. आकड्याइतकंच ऐका ते सुराचा शेवट कसा होतो ते. चांगल्या पेटीत सूर सरळ रेषेत लहान होत जातो, खराब पेटीत मध्येच ढासळतो.

ग. भाता भरलेला असताना तळहाताची मागची बाजू भात्याच्या कोपऱ्यांवरून आणि पेटीच्या सांध्यांवरून सावकाश फिरवा. हवेची बारीक झुळूक तिथल्या कातडीला लगेच जाणवते.

घ. भाता हलवताना त्याचा स्वतःचा आवाज ऐका. करकर, चामड्याचा खरखराट, बिजागरीचा टकटक असं काही यायला नको. मैफलीत माईक पेटीजवळ असतो, त्यात हे सगळं जातं.

भात्याच्या घड्या किती, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. जास्त घड्यांचा भाता हवा जास्त घेतो, पण घड्या जास्त म्हणजे चामड्याचे आणि कापडाचे सांधेही जास्त. घड्या मोजण्यापेक्षा हाताला काय जाणवतं ते पाहा : भाता ढकलताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोर सारखा लागतो का, आणि हात परत घेताना सुरात खंड पडतो का. लांब षड्ज धरून वीस वेळा भाता मारा. भाता वळला ते क्षण सुरात ऐकू येत असतील तर पेटीच्या आतल्या, हवा साठवणाऱ्या भात्याची स्प्रिंग नीट नाही.

५. दुसरी चाचणी : सूर

इथे घाई करू नका. एका पेटीला किमान अर्धा तास द्या.

५.१ सूर केव्हा बोलतो

नर बंद करा, फक्त खर्ज उघडा. सगळ्यात खालची पांढरी एक दाबून ठेवा आणि भाता इतका हळू लोटा की सुरुवातीला काहीच वाजणार नाही. आता हवा थोडी थोडी वाढवत जा. चांगला सूर तोंड मिटून गुणगुणल्यासारखा, अगदी बारीक पण स्वर म्हणूनच सुरू होतो आणि हवेबरोबर वाढत जातो. वाईट सूर आधी नुसता हवेचा आवाज करतो, थांबतो, आणि मग एकदम उडी मारून मोठ्याने बोलतो. त्याला मधलं काहीच येत नाही. खालच्या संपूर्ण सप्तकावर, एकही पट्टी न गाळता, हे करा. खर्जाचे सूर लांब आणि जड असल्यामुळे ते थोडे उशिरा बोलणारच. पण शेजारशेजारच्या दोन सुरांच्या बोलण्यात मोठा फरक असेल तर सूर नीट घडवलेले किंवा निवडलेले नाहीत.

मग नर एकटा उघडून तीच चाचणी सगळ्या पट्ट्यांवर.

५.२ आवाज सारखा आहे का

भाता एका गतीने चालू ठेवून खालून वर एकेक पट्टी दोन-दोन सेकंद वाजवा. काळ्या-पांढऱ्या सगळ्या. डोळे मिटून ऐका. एखादी पट्टी ओरडते, एखादी लाजते, एखादीचा आवाज पत्र्यासारखा येतो. अशा पट्ट्यांची नावं वहीत लिहा. दोन-चार असतील तर कारागीर त्या दुरुस्त करतो. दहा-बारा असतील तर पेटी सोडा.

५.३ सूर सुरात आहे का

ट्यूनरवर नराची मध्य सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झ दाखवायला हवी. सगळ्या वाद्यांबरोबर वाजवायचं असेल तर हे महत्त्वाचं आहे. जुन्या पेट्या काही वेळा थोड्या वेगळ्या लावलेल्या असतात, त्या सिंथेसायझरबरोबर बसत नाहीत.

ट्यूनर बघताना हवा मध्यम ठेवा. जोरात हवा दिली की पेटीचा सूर, विशेषतः खालचा, किंचित उतरतो. हे पितळी सुराच्या स्वभावातच आहे, त्याला दोष म्हणू नका. पण हळू आणि जोरात यांत सूर कानाला स्पष्ट ढळत असेल तर तो कच्चा आहे.

आता ट्यूनर बंद करा आणि कानाने तपासा. नर आणि खर्ज एकत्र उघडून एकच पट्टी धरा. दोन्ही सूर जुळलेले असतील तर एकच भरीव आवाज येतो. जुळलेले नसतील तर आवाजात लहर येते, वाँव-वाँव असं सावकाश हेलकावल्यासारखं. खर्ज २२० हर्ट्झ आणि नर ४४१ असेल तर दर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येईल. इतका बारीक फरक ट्यूनरच्या काट्यापेक्षा कान लवकर पकडतो.

शेवटी तानपुरा लावा आणि गंधार धरा. पेटी समान अंतराच्या सप्तकात लावलेली असते, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट.) प्रत्येक सरळ लावलेल्या पेटीत हे असणारच, त्यावरून पेटी नाकारू नका. काही कारागीर एखादा षड्ज धरून गंधार उतरवून देतात. एकलवादन करणाऱ्याला, किंवा कायम एकाच गायिकेला साथ करणाऱ्याला ते फार गोड लागतं. पण तीच पेटी दुसऱ्या षड्जावर बेसूर वाटू लागते. वेगवेगळ्या गळ्यांना साथ करत असाल तर हे करून घेऊ नका.

५.४ ‘जर्मन सूर’ म्हटल्यावर काय करायचं

जुन्या जर्मन सुरांचा नाद अतिशय सुंदर असतो, यात वाद नाही. पण ते सूर जुन्या पेट्यांतून काढलेले असतात. पूर्ण संच एकाच प्रतीचा मिळणं अवघड, त्यात बऱ्याच वेळा काही सूर बदललेले असतात. आज आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या पेट्यांत गुजरातेतल्या पालिताण्याला बनलेले सूर असतात, आणि ते नीट निवडून, नीट लावून बसवले तर साथीला काही कमी पडत नाही. म्हणून नाव ऐकून जास्त पैसे देऊ नका. ५.१ ते ५.३ या तिन्ही चाचण्यांत पेटी उतरली तर सूर कुठलेही असोत, चांगले आहेत. उतरली नाही तर ते जर्मन असून तुम्हाला काय मिळणार?

▸ तपासा : ‘थोडं वाजत राहिलं की सूर मोकळे होतील’ असं सांगितलं जातं. नव्या पेटीचा आवाज वाजवून थोडा खुलतो हे खरं आहे. उशिरा बोलणारा सूर मात्र वाजवून लवकर बोलू लागत नाही. त्याला कारागिराचाच हात लागतो.

६. तिसरी चाचणी : पट्ट्या

प्रत्येक पट्टी बोटाने डावी-उजवीकडे हलवून पाहा. थोडी हलेल, पण शेजारच्या पट्टीला घासता कामा नये. दाबून सोडल्यावर ती झटक्यात वर येते का, आणि येताना टक् असा लाकडाचा आवाज होतो का, तेही पाहा.

पट्ट्यांचा कडकपणा सारखा आहे का हे नाण्यांनी कळतं. पट्टीच्या पुढच्या टोकाला एकेक नाणं ठेवत जा, कितव्या नाण्याला ती खाली बसते ते लिहा. पाच-सहा पांढऱ्या पट्ट्यांवर हे करा. एक पट्टी चार नाण्यांना आणि शेजारची आठला बसत असेल तर स्प्रिंगा सारख्या नाहीत, आणि द्रुत तानेत बोट नेमकं तिथे अडखळणार. पातळ कागद दोन पट्ट्यांच्या फटीत सरकवा. तो सगळीकडे सहज फिरायला हवा. जिथे अडकेल तिथे पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर पट्टी अडकणार.

यानंतर तुमच्या रोजच्या रियाजातला एक अलंकार आणि एक तान, आधी विलंबित आणि मग तुमच्या पूर्ण वेगात वाजवा. नवीन काही वाजवू नका. जे हातात पक्कं बसलं आहे त्यातच पेटीची अडचण वेगळी कळते.

७. पेटी उघडून पाहा

विनंती करा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. आत पितळी सुरांच्या रांगा दिसतील. सगळे स्क्रू एकसारखे आहेत का, सूर सरळ ओळीत बसले आहेत का, सुराच्या कंप पावणाऱ्या पितळी जिभेवर कानसीचे ओरखडे फार खोल तर नाहीत ना, ते पाहा. सूर चढवायचा तर जीभ टोकाजवळ घासतात, उतरवायचा तर बुडाशी. दोन्हीकडे खोल घासलेला सूर म्हणजे कुणीतरी चुकत चुकत लावलेला सूर. टोकाला शिशाचा डाग देऊन सूर उतरवलेला दिसला तर विचारा.

जुनी पेटी घेत असाल तर लाकडाच्या खालच्या बाजूला भुंग्याची भोकं, चामड्याला लागलेली कसर, स्प्रिंगांवरचा गंज हेही बघा. चामडं आणि स्प्रिंगा बदलता येतात. पोखरलेलं लाकूड आणि थकलेले सूर बदलायचे म्हणजे नवी पेटीच बांधायची.

८. कपलर आणि स्केल चेंजर : आता, आधी नाही

कपलरने एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही दाबली जाते. समूहभजनात, कीर्तनात त्याचा उपयोग होतो. तो लावून प्रत्येक पट्टी एकदा वाजवा, दोन-तीन जोड्या हमखास अर्धवट दाबल्या जातात. शास्त्रीय साथीत तो बहुतेक वेळ बंदच राहतो.

स्केल चेंजरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. विद्यार्थ्याने तो घेऊ नये. सगळी पट्ट्यांची पाटी सरकवायची म्हणजे पट्टी आणि खालची झडप यांचा सांधा ढिला ठेवावा लागतो, वजन वाढतं, आणि देखभालीचं काम दुपटीने होतं. शिवाय काळी चारमध्ये बोटं बसवायची मेहनत टळते. ती मेहनतच पुढे उपयोगी पडते. एका संध्याकाळी पाच-सहा गळ्यांना साथ करणाऱ्या व्यावसायिक वादकाची गरज वेगळी आहे, त्याने जरूर घ्यावा.

स्टॉपरच्या संख्येवर जाऊ नका. त्यातले काही फक्त आधारस्वर धरून ठेवण्यासाठी, म्हणजे सलग षड्ज-पंचम वाजवण्यासाठी असतात, आणि तानपुरा असताना ते कुणी उघडत नाही.

९. समोर बसून ऐका

आता सोबतीला पेटीवर बसवा आणि तुम्ही आठ-दहा फुटांवर समोर जाऊन बसा. वाजवणाऱ्याला पेटी जशी ऐकू येते तशी श्रोत्याला येत नाही. दोन पेट्यांमध्ये मन अडकलं असेल तर त्याला सांगा, कोणती वाजवतो आहेस ते सांगू नको, आणि तुम्ही पाठ करून बसा. शक्य असेल तर त्याच्या साथीने एक बंदिश गा, अगदी साध्या आवाजात. गळ्याला टेकू देणारी पेटी आणि गळ्यावर स्वार होणारी पेटी यांतला फरक गाताना लगेच कळतो. रंग, नक्षी, पॉलिश यांचा विचार आता करायला हरकत नाही.

⚠ फोनवर पाठवलेल्या व्हिडिओवरून पेटी ठरवू नका. फोन लहान आवाज आपोआप मोठा आणि मोठा आवाज लहान करतो, त्यामुळे आवाजातला कमी-जास्तपणा आणि हवेची गळती दोन्ही झाकलं जातं. परदेशात राहणाऱ्यांना दुसरा इलाज नसतो. त्यांनी भजनाचा व्हिडिओ मागू नये. एक स्टॉपर उघडून खालून वर एकेक पट्टी, मग एका भात्यात शेवटपर्यंत धरलेला षड्ज, मग पट्ट्या न दाबता भरलेला भाता, एवढं न थांबवता चित्रित करून मागवावं. थंड देशात हीटरच्या कोरड्या हवेने लाकूड आकसतं आणि जवळ कारागीर नसतो, म्हणून तिथे साधी, कपलर आणि स्केल चेंजर नसलेली पेटीच घ्यावी.

१०. पैसे देण्यापूर्वी

ज्या पट्ट्यांची नावं वहीत आहेत त्या दुरुस्त करून मागा आणि पेटी दोन दिवसांनी न्यायला या. आल्यावर फक्त त्या पट्ट्या पुन्हा तपासू नका, ४ आणि ५.१ या चाचण्या पूर्ण करा. एक सूर काढून बसवताना शेजारचा हललेला असू शकतो.

पावतीवर सुरांचा प्रकार, ओळी किती, पट्ट्या किती, ४४० ला लावली आहे हे, आणि पहिली सूर लावणी कुणाच्या खर्चाने, हे लिहून घ्या. पेटी उघडली असताना आतल्या सुरांचा फोटो काढून ठेवा.

११. पहिले तीन महिने

नव्या पेटीचे सूर थोडे हलतात. रोज वाजवा आणि साधारण तीन महिन्यांनी एकदा लावून घ्या. त्याआधी स्वतः स्क्रू पिळू नका.

वाजवून झाल्यावर लोक भाता भरलेला असतानाच कडी लावतात. आत अडकलेली हवा चामड्यावर आणि सांध्यांवर ताण देत राहते. आधी एक-दोन पट्ट्या दाबून हवा पूर्ण जाऊ द्या, भाता हाताने मिटवा, मग कडी लावा, मग स्टॉपर बंद करा. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसू नका. पेटी खिडकीच्या उन्हात किंवा एसीच्या झोतासमोर ठेवू नका. पावसाळ्यात ती दिवसांमागून दिवस खोळीत बंद ठेवली की पट्ट्या फुगतात आणि कसर लागते. त्या चार महिन्यांत पंधरा मिनिटं का होईना, रोज उघडून वाजवा.

तक्रारवही फेकू नका. नव्या पेटीवर पंधरा दिवस झाले की जुन्या ओळी एकेक वाचा आणि त्या जागा पुन्हा वाजवून पाहा. जी ओळ अजूनही लागू पडते तिच्यापुढे खूण करा आणि पहिल्या सूर लावणीला जाताना ती वही कारागिराच्या हातात द्या.